खडक तसाच आहे

आउकुसो परत आला तेव्हा मी घरामागे उमूचे, म्हणजे आमच्या अंगणातल्या भट्टीचे, दगड तापवत होते. शेजारची बाई धावत आली आणि म्हणाली, बोटीतून कोण उतरलं ओळख पाहू. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. सात वर्षं मी एकाच माणसाची वाट बघत होते आणि गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलायची कोणाला परवानगी नव्हती. मी चिमट्याने दगड पसरले, वर अळूचे गड्डे रचले, केळीच्या पानांनी झाकले. एकही पान फाटलं नाही. मला त्याचंच नवल वाटलं.

माझा भाऊ मालाकी आणि आउकुसो एकत्र वाढले. बेटावरच्या आमच्या फागाउली गावासमोर, काळ्या लाव्हाच्या किनाऱ्यापासून अर्धा मैल आत, प्रवाळाचा एक कडा आहे. दक्षिणेकडून मोठं पाणी आलं की तिथे डावीकडे वळणारी लाट उभी राहते. वरून पोकळ आणि खाली पाणी इतकं उथळ की खडकाचे सुळे दिसतात. म्हणून तिला आम्ही निफो म्हणतो, म्हणजे दात. त्या दोघांच्या आधी फळीवर उभं राहून तिच्यावरून घसरत कोणी गेलं नव्हतं. एका परदेशी माणसाने जाताना मागे टाकलेली तुटकी फळी त्यांनी डांबराने सांधली आणि आळीपाळीने शिकले. एक पाण्यात असला की दुसरा किनाऱ्यावर उभा राहून हातांनी खुणा करायचा, खिंड कुठे आहे, मोठी लाट कधी येते आहे. निफोवर आत-बाहेर करायला प्रवाळातून तेवढी एकच खिंड आहे.

मग एक वर्षी मासिकासाठी फोटो काढणारा माणूस दहा दिवस गावात राहिला. नवव्या दिवशी पाणी चढलं. मालाकी आत होता, लाटेच्या तोंडाशी. जो सगळ्यात आत असतो त्याची लाट, हा नियम त्या दोघांनीच केला होता, पुढे सगळ्या गावाने पाळला. आउकुसोने त्या दिवशी मोडला. फोटोवाल्याची नाव खिंडीत होती, कॅमेरा लाटेवर रोखलेला, आणि वर्षातली सगळ्यात चांगली लाट मालाकीकडे जात होती. आउकुसो त्याच्यापुढे लाटेत शिरला आणि बाहेर पडायची वाट बुजवली. मालाकीला खडकाकडे वळण्यावाचून इलाज नव्हता. कमरेतला मणका मोडला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून त्याचे पाय आमच्या घरातल्या सामानासारखे आहेत. उचलून ठेवावे लागतात.

फोटो छापून आला. आउकुसो लाटेच्या पोटात, हात पसरलेला, आणि मागे फेसात मालाकीच्या हाताचा पंजा. नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. मी ते पान ठेवलं आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या घरचे आमच्या अंगणात येऊन बसले. आमच्याकडे एवढं मोठं पाप झालं की असंच करतात. गुन्हेगाराचं घराणं समोरच्याच्या दारात मान खाली घालून बसतं, डोक्यावर घराण्याची सगळ्यात मौल्यवान चटई पांघरलेली, पुढ्यात दगड आणि सरपण. मारायचं तर मारा, भाजायचं तर भाजा. घरच्यांनी चटई उचलली की माफी झाली, आणि त्यानंतर त्या गोष्टीवर कोणी चकार शब्द काढायचा नाही. काढला तर गावसभा अख्ख्या घराला गावाबाहेर काढते.

माझा बाप उजाडेपर्यंत दारात उभा राहिला. मग गेला आणि चटई उचलली. खाली सहा माणसं होती. आउकुसोचा बाप, त्याचे चार काका, एक मामा. मी एकेक चेहरा बघितला. आउकुसो नव्हता. तो आदल्या दिवशीच्या बोटीने निघून गेला होता, तिथून विमानाने ऑकलंडला. माफी मिळाली त्याच्या बापाला, आणि कुलूप लागलं माझ्या तोंडाला. मी एकोणीस वर्षांची होते.

महिन्याभराने मी मालाकीची फळी काढली. आई म्हणाली, एक पोर गेलं तेवढं पुरे नाही का. पाद्रीबुवांच्या बायकोने मला समजवायचा प्रयत्न केला, पाण्यात मुलीने असं उघडं पडू नये. मी लुंगी घट्ट बांधून गेले. पहिली दोन वर्षं निफोने मला नुसतं सोललं. पाठीवर, कोपरावर, मांडीवर प्रवाळाच्या खुणा आहेत, लिंबू चोळून त्या जागा धुवाव्या लागतात आणि तेव्हा जे वाटतं ते सांगण्यासारखं नाही. मालाकी घरासमोरच्या नीरफणसाखाली खुर्चीत बसून दुर्बिणीतून बघायचा आणि मी परत आले की सांगायचा, उशिरा उठलीस, वजन मागे होतं, डावा खांदा आधी वळव. त्याने मला शिकवलं. कशासाठी शिकते आहेस, हे त्याने कधी विचारलं नाही. मला वाटायचं त्याला ठाऊक आहे.

चौथ्या वर्षी मोठं वादळ आलं. चर्चचं छप्पर गेलं, केळीच्या बागा झोपल्या, आणि समुद्राने खोलातून घराएवढा एक खडक उचलून निफोच्या शेपटीला आणून टाकला. पूर्वी जिथे लाट संपून पाणी खोल व्हायचं, तिथे आता पाण्याखाली हातभर अंतरावर तो बसला आहे, भेगाळलेला. वरून काही दिसत नाही. पाणी मात्र तिथे जरा काळपट उचलतं. मी तो शोधला पायाच्या दोन नखांच्या मोबदल्यात. तेव्हापासून मी लाट त्याच्या आधीच सोडते.

आउकुसो आला तो बापाच्या मयताला. मयत झालं, पाहुणे गेले, तो राहिला. त्याची आई वाओसा एकटी पडली होती. दुसऱ्या आठवड्यात तो बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आमच्या घरी आला, मालाकीसमोर मांडी घालून बसला आणि रग्बीवर बोलायला लागला. कोण संघात, कोण बाहेर. मालाकी हसला. मी मागच्या खांबाशी बसून नारळ खवत होते आणि तो हसण्याचा आवाज ऐकून माझ्या हातून खवणीवर बोट कापलं गेलं. जाताना आउकुसो माझ्याजवळ थांबला.

"निफोवर तू जातेस म्हणे."

"जाते."

"वादळात फार मोडतोड झाली का? खडक तसाच आहे ना?"

मी बोट तोंडात धरलं होतं. ते काढून म्हणाले, "तसाच आहे."

त्यानंतर मे महिनाभर आम्ही दोघं निफोवर जात होतो. लहान पाणी होतं. लहान पाण्यात लाट शेपटीपर्यंत पोचत नाही, मधेच विरते, त्यामुळे त्याला काही कळायचा प्रश्न नव्हता. मी त्याला आतली जागा देत गेले. चांगल्या लाटा त्याला सोडल्या. तो म्हातारा झाला नव्हता, पण ऑकलंडच्या मांसाच्या कारखान्यात सात वर्षं उभं राहून जड झाला होता. तरी पायात जुनं कसब होतंच. बघताना कधीकधी मला वाटायचं, काय सुंदर उठतो. मग मला फेसातल्या त्या पंज्याची आठवण यायची.

एकदा तो पाण्यात बसल्याबसल्या म्हणाला की मी लाटेवर जाते तशी जाणारी कोणी मुलगी त्याने पाहिली नाही, मालाकीचाच खांदा आहे. मी म्हणाले, मालाकीचा खांदा मालाकीकडेच आहे, त्याला आता दुसरं काय आहे. तो पाण्याकडे बघत बसला. मला वाटलं आता बोलेल. दोन शब्द बोलायचे होते त्याने. तो वळून किनाऱ्याकडे निघाला.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी मी आवाजानेच उठले. किनाऱ्यावरचे गोटे गडगडत होते. उजाडलं तेव्हा वारा जमिनीकडून होता आणि निफो क्षितिजापर्यंत रेघा ओढल्यासारखी उभी होती. मालाकी आधीच खुर्चीत बसला होता. मी त्याच्या समोरून फळी नेली. तो म्हणाला, आज मोठ्या लाटा पाच-पाचच्या गटाने येताहेत, चौथी सगळ्यात मोठी. एवढंच.

आउकुसो माझ्यामागून दहा मिनिटांनी खिंडीतून आला. आम्ही दोघंच. पहिल्या गटात मी एक छोटी लाट घेतली आणि वेळेत सोडली. दुसऱ्या गटात त्याने एक. तिसरा गट आला तेव्हा तो आत होता, बरोबर तोंडाशी, जिथे त्या दिवशी मालाकी होता. मी त्याच्या बाहेरच्या बाजूला होते. तीन लाटा आम्ही खालून जाऊ दिल्या. चौथी आली.

तो वळला, हात मारले, उठला. लाट त्याची होती. मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं, त्याने मला बघितलं, आणि मी वळले आणि त्याच्यापुढे शिरले.

सात वर्षं मी हे मनात केलं होतं, म्हणून करताना काही नवीन वाटलं नाही. मी लाटेच्या मधोमध रेघ धरली, वर नाही, खाली नाही. वर गेले असते तर तो खालून निसटला असता, खाली गेले असते तर वरून. मागे त्याची फळी पाणी कापते आहे ते मला ऐकू येत होतं. तो एकदा ओरडला. माझं नाव नव्हतं ते, नुसता आवाज. मी रेघ सोडली नाही. शेपटीपाशी पाणी काळपट उचललं तशी मी लाटेच्या माथ्यावरून मागे निघून गेले. त्याला वाटलं वाट मोकळी झाली. तो पूर्ण जोरात त्या खोल पाण्यात शिरला, जे आता खोल नव्हतं.

मी खिंडीत येऊन फळीवर बसले. त्याच्या फळीचा अर्धा तुकडा आधी वर आला. मग तो. नव्या खडकाच्या भेगेत पाय अडकला होता, पाणी ओसरलं की छातीपर्यंत दिसायचा, लाट आली की नाहीसा व्हायचा. एक हात विचित्र लोंबत होता. आमच्यात वीस हातांचं अंतर असेल.

पाचवी लाट त्याच्यावरून गेली. तो वर आला, खोकला, त्याने मला शोधलं. बघत राहिला. हाक मारली नाही. मला त्याच्याकडून हाक हवी होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण तेवढ्यासाठीच मी बसले होते. आणखी एक लाट गेली. आणखी एक. प्रत्येक वेळी तो वर यायला जास्त वेळ घेत होता, आणि प्रत्येक वेळी वर आला की तोंड मिटून माझ्याकडे बघायचा, जणू आता मी ठरवायचं ते ठरवावं. मला इतका राग कधी आला नव्हता. मरायला तयार असलेल्या माणसाचं काय करायचं. तो मेला असता तर सुटला असता, आणि मालाकी त्या झाडाखाली तसाच बसला असता.

पुढच्या लाटेनंतर तो वर आला नाही तेव्हा मी गेले.

फेसाबरोबर खडकावर चढले, त्याचं डोकं धरलं, पाय भेगेतून पिळून काढला. हाड मोडल्याचा आवाज पाण्यातसुद्धा आला. त्याला फळीवर आडवा टाकला आणि खिंडीतून ढकलत आणला. किनाऱ्यावरून होडी निघाली होती. दुर्बिणीशिवाय किनाऱ्यावरच्यांना नुसता फेस दिसतो. त्यांनी काय पाहिलं, तर आउकुसो पडला आणि फुआतिनोने, म्हणजे मी, जीव धोक्यात घालून त्याला बाहेर काढला. वाओसा गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने माझे ओले हात धरून आपल्या कपाळाला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालाकीच्या पायांना खोबरेल चोळत होते. त्याने छपराकडे बघत विचारलं,

"किती अंतर ठेवलंस?"

"दोन हात."

"माझ्या वेळी त्याने एक ठेवलं होतं." मग म्हणाला, "मला वाटायचं, हे बघितल्यावर बरं वाटेल."

"नाही वाटलं?"

"वाटलं. दुपारपर्यंत."

मी दुसरा पाय घेतला. त्याने दुर्बिणीचा पट्टा गुंडाळून ती आईकडे दिली आणि वर ठेवायला सांगितली.

तीन आठवड्यांनी आउकुसो इस्पितळातून आला, खांदा बांधलेला, घोटा वाकडा बसलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात खांद्याच्या वर जाणार नाही. त्याच शनिवारी वाओसाने गावसभेपुढे माझे आभार मानायचं ठरवलं. सभागृहात सगळे मताई, म्हणजे घराण्यांचे कर्ते, आपापल्या खांबाला टेकून बसले होते. माझा बापही. भाजलेलं डुक्कर आलं, डबाबंद मासळीच्या पेट्या आल्या, आणि शेवटी ती स्वतः आली, दोन बायकांनी टोकं धरलेली चटई घेऊन. केवड्याच्या पानांची, कापडासारखी मऊ, काठाला लाल पिसं. सहा वर्षं ती विणत होती, मुलाच्या लग्नासाठी. तिने ती माझ्यासमोर पसरली आणि म्हणाली, पोरी, माझं एकच राहिलं होतं, ते तू मला परत आणून दिलंस.

सगळे माझ्याकडे प्रेमाने बघत होते. ते मला सहन झालं नाही. पश्चात्ताप होता असं मी म्हणणार नाही. सात वर्षं जे जपलं, जे केलं, त्याचं नाव कोणाला कळूच नये? ते उपकार म्हणून गावात सांगितलं जावं? मी उठून उभी राहिले.

"मावशी, मी त्याला वाचवलं नाही. मी त्याला तिथे घातलं. मुद्दाम."

माझ्या बापाने डोळे मिटले. तेव्हा कुठे मला त्याचा विचार आला. उचललेल्या चटईवर मी सगळ्यांसमोर पाय दिला होता, आणि त्याची शिक्षा मला एकटीला होणार नव्हती. बाप, आई, खुर्चीतला मालाकी, आमचं अळूचं शेत, सगळं गावाबाहेर.

सभेच्या प्रमुखांनी आउकुसोकडे बघितलं. तो दारापाशी, भिंत नसलेल्या बाजूला, वाकडा पाय पुढे करून बसला होता.

"ही खोटं बोलते," तो म्हणाला. "तिथे नवा खडक आला आहे हे मला माहीत नव्हतं. मी स्वतः पडलो. हिला माझे आभार नको आहेत, म्हणून म्हणते आहे. ते मी समजू शकतो."

प्रमुखांनी मला विचारलं, दोघांपैकी कोण खरं. मी बापाकडे बघितलं. त्याने डोळे उघडले होते. मी खाली बसले आणि चटईला हात लावला. घेतली, असा त्याचा अर्थ होतो.

सोमवारी मी त्याच्या घरी गेले. तो ओट्यावर बसून एका हाताने नारळाच्या काथ्याची दोरी वळायचा प्रयत्न करत होता, एक टोक पायाच्या बोटात धरून. जमत नव्हतं. मी उभ्या उभ्याच विचारलं की तो मधे का पडला.

"आईने ती चटई सहा वर्षं विणली," तो म्हणाला. "ती परत घरी उचलून न्यायला लागली असती तिला. आणि तुझा बाप. माझ्या बापाने मरताना शेवटी त्याचंच नाव घेतलं म्हणे."

"आणि तू?"

त्याने दोरी खाली ठेवली. "मी त्या दिवशी चटईखाली असायला हवं होतं. बोटीवर चढलो तेव्हापासून मला ते ठाऊक आहे. त्या खडकावरही मला वाटलं, हिला हाक मारायचा मला काय हक्क."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की आत काहीतरी सुटेल. मी वाट बघितली. समोर कोंबडी अंगण उकरत होती. काही सुटलं नाही, पण पूर्वीसारखं आवळतही नव्हतं.

"आता फिटलं का, फुआतिनो?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने वाद घातला नाही.

वाओसा आतून जेवण घेऊन आली. भाजलेला नीरफणस, अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधून शिजवलेलं. जेवल्याशिवाय मला सोडणार नाही म्हणाली. मी बसले. आउकुसोने चांगल्या हाताने हात धुवायचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी हात धुतले आणि जेवले. चव चांगली होती.

तो आता दर गुरुवारी लंगडत आमच्याकडे येतो. मालाकी आणि तो पत्ते खेळतात, रग्बीवर भांडतात, मालाकी त्याला मोठ्याने लबाड म्हणतो आणि तो हसतो. ते बसले की मी बहुतेक वेळा फळी घेऊन बाहेर पडते. कधीकधी खांबाशी बसून नारळ खवते.